फेकून पाहिलेली गोफण

रेल्वे कॉलनी, दौंड
१८ जून २००७

चि. सोनम,

चुलत्याचं पत्र आलेलं बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्याकडं टपाल आलं की बायका वाचायच्या आधीच डोळ्याला पदर लावतात, म्हणून हे पहिल्यांदा लिहून टाकलं. फोन केला असता, पण घरातला मोबाइल बिरदेवबरोबर ड्यूटीवर जातो, आणि तो परत आला की मी बोललेलं सगळ्या घराला ऐकू जातं. धनश्री सून म्हणून चांगली आहे, पण तिचे कान जरा जास्तच चांगले आहेत.

माझी हकिगत अशी. खुटबावला अंगणात पडलो त्याला वर्ष होऊन गेलं. सकाळी पडलो ते संध्याकाळी दूधवाला येईपर्यंत तिथंच उताणा होतो, ही गोष्ट बिरदेवच्या डोक्यातून जात नाही. खुबा जोडला, काठी धरून चालतो, पण सुटका नाही. बिरदेवचं रेल्वेचं क्वार्टर पडलं वरच्या मजल्यावर. वर चढायला जमतं, खाली उतरायला कुणीतरी धरावं लागतं, आणि धरणारी दोघंही कामात. दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत बसलं की रूळ दिसतात. साऱ्या मुलखाच्या गाड्या माझ्यापुढून जातात आणि मी आपला खुर्चीत. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरणारा माणूस मी, आता मोरीपर्यंत जातो आणि परत येतो.

खुटबावच्या घराची किल्ली बिरदेवच्या खिशात असते. मागितली की तो माझे पाय दाबायला बसतो आणि म्हणतो, "आबा, तिकडं जाऊन करनार काय तुमी? मेंढरं न्हाईत, वावर खंडानं कसाया दिलंय. मानसाला काय तरी उद्योग पायजे. उद्योग असता तर म्या सोता नेऊन सोडलं असतं." रागानं कोंडलं असतं तर आरडाओरडा करून सुटलो असतो. मायेनं कोंडलंय, आता ओरडू कुणावर?

तर मी उद्योग शोधलाय. गोफणी विणतो. धनश्रीनं सुती दोरा आणून दिला, बोटं अजून विसरलेली नाहीत. तुझा बाप म्हाळू सांगत होता की तू शिरूरला जाऊन कॉम्प्युटरच्या बाजारात तोरणं विकतेस. त्या बाजारात गोफण खपेल का? नवं माणूस तिथं उभं राहतं तेव्हा काय करायचं आणि काय टाळायचं, ते सगळं लिही. मी जुना सातवी फायनल आहे, समजेल. उद्योग दिसला की बिरदेवला किल्ली द्यावी लागेल. मला माझ्या घरी जायचंय, एवढीच गोष्ट आहे.

तुझा,
गेणबा आबा

न्हावरे, ता. शिरूर
२७ जून २००७

आबा,

तुमचं पत्र पोस्टमननं आत्यांच्या हातात दिलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई ताईबाई, पत्र आधी उलटंसुलटं करून बघतात आणि मग माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतात. वाचत वाचत धनश्रीवहिनीच्या कानांपर्यंत आले आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "म्हातारा बेरकी हाय. लिही त्याला." अशी मला परवानगी मिळाली.

आबा, मी काही मोठी व्यापारीण नाही. बाजारच्या दिवशी आत्यांबरोबर शिरूरला जाते. त्या भाजी घेईपर्यंत मी स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसते. तोरणं थोडीच विकली गेली, त्यातलीही काही मैत्रिणींनी माझी दया येऊन घेतली. पण चुका मात्र भरपूर केल्यात, त्या तुमच्या उपयोगी पडतील.

पहिली चूक फोटोची. मी स्टुडिओत धबधब्याच्या पडद्यापुढं तोरण धरून फोटो काढला. एका बाईनं विचारलं, धबधबा पण मिळणार का? तेव्हा मागं साधी भिंत पाहिजे, उजेड पाहिजे, आणि वस्तू केवढी आहे ते कळायला शेजारी ओळखीचं काहीतरी पाहिजे. दुसरी चूक जास्त वाईट. एका तोरणाचा एक मणी तुटका होता, तो मी लिहिला नाही. घेणाऱ्या बाईला बाकीचे मणी दिसलेच नाहीत, तेवढाच दिसला. तिथं घेणारा माणूस आपल्या नावाखाली शेरा लिहितो आणि तो कुणालाही पुसता येत नाही. गिऱ्हाईक हातात घेऊन बघू शकत नाही, म्हणून आपणच त्याचा हात व्हायचं. दोष असेल तर आधी आपण सांगायचा. जे वस्तूत नाही ते एक अक्षरही लिहायचं नाही.

सुरुवातीला ढीग लावू नका. एक-दोन पाठवा, त्या कशा जातात ते बघू. टपालखर्च आधी विचारून किमतीत धरायचा, नाहीतर विकून पस्तावायची वेळ येते. आणि कुणी प्रश्न विचारला तर उत्तराला उशीर करायचा नाही. इथं माझी पंचाईत होते, कारण बाजार येईपर्यंत मला घराबाहेर पडता येत नाही. पण तुमचं काम म्हणजे वडीलधाऱ्यांची सेवा, असं आत्या म्हणाल्या. बघू, मधल्या वारी सोडतात का.

तुमची,
सोनम

दौंड
५ जुलै २००७

चि. सोनम,

तुझं पत्र मिळालं. पोरी, तुमचा बाजार अजब आहे. मेंढरांच्या बाजारात आम्ही रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव करायचो. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कळायचा, शेजारी उभ्या दलालाला नुसता रुमाल हललेला दिसायचा. तुमच्याकडं भाव आधीच पाटीवर. बरं, गिऱ्हाइकाचं तोंडही दिसत नाही. मग तो घासाघीस करताना लाजतोय की बनेलपणा करतोय, हे कळायचं कसं? पण दोष आधी सांगायचं तुझं पटलं. मेंढा लंगडत असला तर गिऱ्हाईक त्याला चालवून बघतंच.

दोन गोफणी पाठवतोय. पण माझ्या दोन अटी आहेत.

गोफण मापाची असते, चपलेसारखी. घेणारा उंच आहे की बुटका, उजवा आहे की डावखुरा, हे मला कळलं पाहिजे. डावखुऱ्याचा पीळ उलटा घालतात. आणि तो काय राखणार आहे तेही विचार. पाखरांसाठी दगड धरणारी झोळी लहान लागते, मेंढरांसाठी जरा मोठी. तुला वाटत असेल गोफणीनं मेंढरू मारतात. मारायचं नसतं. ते कळपातून फुटून निघालं की त्याच्या पुढ्यात दगड पाडायचा. दगड पडला की ते आपोआप वळतं.

दुसरी अट अशी की फेकून बघितल्याशिवाय गोफण कुणाच्या हातात द्यायची नाही. माझ्या बापानं दिली नाही, मी देणार नाही. जोर बसला की झोळी फिरते का, बोटातला फास सरकतो का, हे फेकल्याशिवाय देवालासुद्धा कळत नाही. न फेकलेली गोफण म्हणजे नुसती दोरी. दुपारी धनश्रीचा डोळा लागला की मी कठडा धरून गच्चीवर जातो. कॉलनीच्या मागं बाभळी आहेत, तिकडं माणसाचा वावर नाही. दोन दगड सोडतो, उतरताना पायऱ्यांवर बसत बसत येतो आणि गुपचूप झोपल्यासारखा पडतो. म्हातारपणी शाळा चुकवल्यासारखं वाटतं, पण जिवाला बरं वाटतं.

आबा

न्हावरे
२ ऑगस्ट २००७

आबा,

दोन्ही विकल्या! एक ठाण्याला गेली, एक बंगळुरूला. आणखी चार जणांनी विचारलंय.

पण आधी भांडण. तुम्ही पार्सलात दगड का घातले? तुमचं पुडकं आलं तेव्हा पोस्टातल्या माणसानं ते काट्यावर ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिला. उघडून बघते तर नदीतले गोल गोटे, चिंधीत बांधून. गोफण रिकामी देत नाहीत हे मला माहीत आहे, आपल्या घरी कुणाचं भांडंसुद्धा रिकामं परत जात नाही. पण आबा, टपालखातं वजनावर पैसे घेतं. गिऱ्हाइकाला पाठवताना गोफणीपेक्षा गोट्यांचं भाडं जास्त झालं असतं. काढून ठेवले. आता ते आमच्या तुळशीच्या कट्ट्यावर आहेत, आत्यांनी त्यांना हळद लावली.

फोटोत माझी पुन्हा फजिती झाली. चादरीवर गोफण ठेवून फोटो टाकला तर एकानं विचारलं, हा कुत्र्याचा पट्टा आहे का? मग मी आमच्या ह्यांना, माऊलींना, गोफण हातात देऊन उभं केलं. कंपनीतून रात्रपाळी करून आले होते, डोळे मिटत होते, पण फोटो असा आला की बघणाऱ्याला वाटावं नेम धरलाय. खाली मी फार लिहिलं नाही. सुती दोरा, लांबी इतकी, खुटबावच्या धनगर कारागिराची वीण. आणि शेवटी लिहिलं, 'प्रत्येक गोफण विणणाऱ्यानं स्वतः फेकून पाहिलेली.' ही ओळ लोकांना आवडते. जो तो त्याच ओळीबद्दल विचारतो.

तुमचे प्रश्नही विचारले. ठाण्याचे गृहस्थ उजवे आहेत, उंची तुमच्याएवढी. त्यांची भातशेती आहे, पाखरांचा त्रास फार. बंगळुरूच्या बाईंची बाग आहे. दोघांनीही शेरा छान लिहिलाय. आणखी चार पाठवा. तुमच्यामुळं मला आता मधल्या वारीसुद्धा एस.टी.नं एकटीला शिरूरला जायला मिळतं, हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे.

सोनम

दौंड
१७ ऑगस्ट २००७

चि. सोनम,

माझं गच्चीवर जाणं संपलं.

परवा दुपारी चौथी गोफण घेऊन वर गेलो. बाभळीवर नेम धरला आणि सोडली. दगड भलतीकडंच गेला. शेजारच्या बिल्डिंगीवर पाण्याची काळी टाकी आहे, तिला बसला. टाकी फुटली, पाणी जिन्यातून खाली धावलं. बायका ओरडायला लागल्या, कुणाला वाटलं वरून कुणी कुणाला मारतंय. बिरदेवला शेडमधून बोलावून आणलं. तो तेलानं काळ्या झालेल्या हातांनी तसाच आला आणि सगळ्यांपुढं हात जोडून उभा राहिला. मी वरून कठड्याला धरून बघत होतो. लहानपणी त्याच्यासाठी मी गावात कुणापुढं हात जोडले नव्हते, त्याच्यावर तशी वेळच आली नव्हती. माझ्यासाठी त्याला जोडावे लागले. त्या घटकेला वाटलं, आपण त्या दिवशी अंगणातून उठलोच नसतो तर बरं झालं असतं.

घरात आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आबा, कुनाच्या डोक्यात बसला असता तर?" मग गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. ती किल्लीही त्याच्याच खिशात गेली.

त्या गोफणीची वीण एका बाजूला ढिली पडली असणार. मी ती सगळी उसवली. वाराही होता. नाहीतर माझा दगड असा जात नाही.

मग मी विषय काढला. म्हटलं, उद्योग आहे ना आता माझा? माणसं लांबून मागवतात, चांगलं लिहितात. तू शब्द दिला होतास, दे किल्ली. तर म्हणतो कसा, "उद्योग हाय ना? मंग हितंच करा की. हितं पोस्ट हाय, दोरा मिळतो, धनश्री पार्सल शिवती. तिकडं कशाला जायाचं?" ऐक, उद्योग नव्हता तेव्हा जायचं कशाला, आणि उद्योग आहे तर जायचं कशाला! अट उद्योगाची नव्हतीच, सोनम. त्याला भीती वाटते, आणि भीतीला कितीही गोफणी विकून दाखवल्या तरी ती किल्ली देत नाही. मीच उद्योग काढून माझ्या हातानं दुसरं कुलूप घालून घेतलं.

तीन पाठवल्यात, त्या फेकलेल्या आहेत. चौथी नाही.

आबा

न्हावरे
७ सप्टेंबर २००७

आबा,

टाकीचं वाचून आत्यांनी कपाळावर हात मारला, पण मला तुमची काळजी वाटली. कुणाला लागलं नाही हे देवाचे उपकार समजा. बिरदेवदादावर रागावू नका.

एक मोठी गोष्ट आहे. पुण्यातल्या एका कंपनीला दिवाळीत त्यांच्या माणसांना भेट द्यायला चाळीस गोफणी हव्या आहेत. साहेबांनी स्वतः लिहिलंय. एवढं काम झालं तर दादाला तुमचा उद्योग हा खेळ वाटणार नाही, आणि तुम्ही किल्ली पुन्हा मागू शकाल.

आता मी जे लिहिते ते आत्यांना वाचून दाखवलेलं नाही. आबा, ह्या गोफणी फेकून बघू नका. गरज नाही. त्या कुणीच फेकत नाही. ठाण्याच्या गृहस्थांना उंची विचारली तर त्यांनी सोफ्यावरच्या भिंतीची उंची कळवली. भातशेती मी मनानं लिहिली. बंगळुरूच्या बाई तिला आरशाभोवती गुंडाळणार होत्या, मग दारावर टांगली. पुण्याच्या कंपनीतही त्या काचेच्या चौकटीत बसवून देणार आहेत. तुम्ही पीळ, झोळी आणि डावंउजवं इतक्या जिवानं विचारत होता की मला खरं लिहवेना. आता लिहिते, कारण बंद गच्चीमुळं तुमचं काम अडलंय आणि भिंतीवरच्या गोफणीला नेम लागत नाही. नुसत्या विणा आणि पाठवा.

रागावलात तरी चालेल, पण विणा.

सोनम

दौंड
१३ सप्टेंबर २००७

सोनम,

म्हणजे मी इतके दिवस दोऱ्या विकत होतो.

शोभेसाठी घेतात याचा राग नाही. ज्यानं पैसे मोजले त्यानं ती आरशाला गुंडाळावी नाहीतर कंबरेला. राग याचा आहे की माझ्या नावाखाली 'फेकून पाहिलेली' असं छापलंय आणि तू मला न फेकता पाठवायला सांगतेस. दोष लपवू नये हे मला कुणी शिकवलं? मी त्या माणसाची उंची मनात धरून तो पाखरं कशी हाकत असेल ते बघत होतो. हे हसण्यासारखं असेल, हसा.

चाळीस विणीन, कारण दुसरं करायला इथं काही नाही. पण त्या इथंच खाटेखाली राहतील. साहेबाला नाही म्हणून कळव.

गेणबा

न्हावरे
२४ सप्टेंबर २००७

आबा,

तुमच्या पत्रावर सही 'गेणबा' बघितली आणि रडले. आत्यांनी विचारलं तर कांदा चिरत होते असं सांगितलं, पण त्या दिवशी कालवण कांद्याचं नव्हतं. त्यांना कळलं असणार.

मी साहेबांना नाही म्हणून लिहायला गेले होते. तिथं त्यांचाच निरोप येऊन पडला होता. विचारत होते, प्रत्येक गोफण खरंच फेकून बघता का? आमच्या माणसांना आम्ही तसं लिहून देणार आहोत. मला फक्त 'हो' एवढंच टाइप करायचं होतं. बोट ठेवलंही होतं. नाही जमलं. 'दसऱ्यापर्यंत कळवते' असं लिहून उठले.

मग बाहेरच्या पीसीओवरून दादाला फोन लावला. म्हटलं, दादा, तू आबांना कायमचं सोडू नकोस, पण एक दिवस खुटबावला ने. तुझ्या डोळ्यांपुढं रानात उभं राहून त्यांना गोफणी फेकू दे. चाळीस फेकून झाल्या की परत आण. मी विचारलं, ऐकतोयस ना? तर म्हणाला, "सोने, त्यांला लागलं-बिगलं तर मी सोताला काय सांगू?" मी म्हटलं, ते रोज खुर्चीत बसून झिजतात ते स्वतःला काय सांगतोस? आबा, मी मोठ्या भावाला असं कधी बोलले नव्हते. पैसे संपले आणि फोन तुटला. त्यानं काय ठरवलं मला माहीत नाही.

आणखी एक. तुमच्या गोफणी थांबल्या तर माझं शिरूरला जाणंही थांबेल. एस.टी.च्या खिडकीत बसून एकटीनं जायला मिळतं तेवढाच वेळ मला कुणी हाक मारत नाही. हे खरं आहे, म्हणून लिहिलं. पण माझ्यासाठी म्हणून काही करू नका. तुमच्या मनाला पटेल तेच करा.

तुमचीच,
सोनम

दौंड
१० ऑक्टोबर २००७

चि. सोनम,

सही बघून रडायचं काही कारण नव्हतं. राग आला की माणूस नातं गाळून नुसतं नाव लिहितो, कोर्टातल्यासारखं. आता गेला राग.

रविवारी बिरदेवची सुट्टी होती. सकाळी मला म्हणाला, "आबा, चला." कुठं ते बोलला नाही. मला पाठीवर घेतलं आणि जिना उतरला. शेजारपाजारच्या बायका दारात येऊन बघत होत्या, मला लाज वाटली आणि हसूही आलं. शटल गाडीनं खुटबावला उतरलो. त्याच्या खांद्याला गोफणींची पिशवी होती.

घर बघितलं. अंगणात गवत माजलंय, पण भिंती धड आहेत. घर नंतर बघू म्हटलं, आधी काम. मागचं पडीक रान तसंच आहे. पलीकडच्या बांधावर बाभूळ आहे, तिच्या बुंध्यावर नेम धरायचा असं ठरवलं. मी पहिली गोफण बोटात अडकवली, दगड घातला, फिरवली आणि सोडली.

दगड माझ्या मागं पडला. बिरदेव पुढं उभा होता म्हणून वाचला.

म्हटलं, पाय नीट रोवला नव्हता. काठी टाकली, पुन्हा सोडली. तो पायाशीच आपटला. तिसऱ्या खेपेला हात फिरवायला गेलो तर तो खांद्याच्या वर जाईना. गोफण डोक्याभोवती फिरायला पाहिजे, ती माझ्या कानाला घासत होती. गच्चीवरून कशीही सोडली तरी उंचीमुळं दगड बाभळीत पडायचा, म्हणून तिथं कळलं नव्हतं. गोफण चांगली होती. वारा नव्हता. त्या टाकीचा दोष कुणाचा होता ते मला तिथं कळलं, आणि वर्षभर दोन खोल्यांत बसून जेवढी हाय खाल्ली नव्हती तेवढी त्या मोकळ्या रानात खाल्ली.

बिरदेव जवळ आला. माझ्या बोटातला फास त्यानं हळूच काढला आणि म्हणाला, "द्या हिकडं. तुमी बसा आन् सांगा." शाळेसाठी दौंडला धाडल्यापासून त्या पोरानं गोफण हातात धरलेली नव्हती. पहिले दगड कुठंही गेले, मी शिव्या दिल्या. मग हात बसला. सोनम, बुंध्यावर दगड वाजायला लागला तेव्हा मी मोठ्यानं ओरडलो. मधेच तो म्हणाला, "आबा, म्या जरा उजव्या अंगाला जास्ती जातोय का?" माझ्या पोरानं मला काहीतरी विचारलं. इतके दिवस तो फक्त सांगत होता, उठू नका, उतरू नका. साऱ्या गोफणी फेकून झाल्या. फास सरकला त्या बाजूला काढल्यात, पुन्हा विणतो. साहेबाला 'हो' कळव, पण विणणाऱ्यानं नाही, विणणाऱ्याच्या मुलानं फेकल्या असं लिही.

दिवस कलला तसे घराकडं आलो. तो उंबऱ्यावर बसला आणि किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "ऱ्हायाचं आसंल तर ऱ्हावा. सोनी म्हनाली ती खोटं न्हाई. मी दोन दिस रजा टाकतो, सगळं लावून देतो, मंग जातो. आता म्या आडवनार न्हाई." त्याचे डोळे भरले होते. मी किल्ली घट्ट धरली. हाच क्षण मी गॅलरीत बसून रोज मनात रंगवत होतो.

मी एकटाच आत गेलो. तुझ्या काकूची, म्हाळसाची चूल तशीच आहे. कोनाडा, दांडी, सगळं जागेवर. म्हटलं, मागचं दार लावून बघावं, रात्री एकट्याला लावावं लागेल. त्या दाराची कडी वर आहे, तुला आठवत असेल. हात वर नेला. अर्ध्यावर थांबला. दुसरा हात लावून ढकलला, तरी पोचेना. काठीनं ढकलायला गेलो तर तोल गेला, भिंतीला धरून उभा राहिलो. माझ्या घराची कडी मला लागत नाही. घागर उचलणं, आंघोळ, चूल हे पुढचं तर मी करूनच बघितलं नाही.

बाहेर येऊन म्हटलं, "चल, गाडी चुकंल." तो बघतच राहिला. "का आबा? ऱ्हायाचं न्हाई?" मी म्हटलं, "दोरा संपलाय, खुटबावात कुठं मिळतोय?" त्याला ते खरं वाटलं. गाडीत तो खूश होता, मला शेंगा घेऊन दिल्या. कडीचं मी त्याला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. हा भाग आत्यांना वाचून दाखवू नकोस.

दोरा आला आहे. फास सरकलेल्या गोफणी पुन्हा विणून आठवडाभरात देतो, पुढचं काम असेल तर घे. तुझं शिरूरला जाणं माझ्याकडून थांबणार नाही.

किल्ली आता माझ्याच खिशात असते. गच्चीचं कुलूपही त्यानं काढलं. सकाळी ड्यूटीवर जाताना रोज विचारतो, "आबा, जायाचं का खुटबावला? सांगा फकस्त." मी म्हणतो, एवढं काम झालं की जाऊ. मला घरी जायचं होतं, सोनम, अजूनही जायचंय. पूर्वी मी दिवसभर बिरदेववर चिडून बसायचो आणि दिवस निघून जायचा. आता मला कुणी अडवत नाही, तर दिवस संपता संपत नाही.

तुझा,
आबा